छाती पुढे, खांदे मागे

वडिलांमुळे. आणखी कोणामुळे? — तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो काका, नाहीतर या दवाखान्यात येणारा प्रत्येक जण ‘पडलो’ म्हणतो. मी कुठे पडलो-बिडलो नाही. मला घरच्या घरी, शिस्तीत मोडलंय. आमचे वडील शाळेत पीटीचे सर — घरातही सगळे त्यांना सरच म्हणतात, आईसुद्धा — आणि सरांना शरीरातलं सगळं कळतं. सगळं म्हणजे चार शब्द. छाती पुढे, खांदे मागे.

थांबा, भिंतीला हात टेकू दे, माझा व्यायाम राहिलाय. पाठीकडे बघा — उजवीकडचं हाड बाहेर आलंय ना, कपाटाचं दार उघडं राहिल्यासारखं? तो खांद्याचा फरा. त्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा एक स्नायू असतो, बगलेखालून करवतीच्या दात्यांसारखा निघतो आणि फऱ्याच्या खालून जाऊन आतल्या कडेला चिकटतो. हात वर न्यायचा तर फरा फिरवायचं काम त्याचं. आणि त्याला चालवणारी नस एकच, तीही बरगड्यांवर उघड्यावर पडलेली. हे इथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं. सरांचं निदान वेगळं होतं — आळस.

मी व्हॉलीबॉल खेळायचो. कॉलेजात घेतलं तेही त्याच्यावरच, मार्क बघून मला कोणी दारात उभं केलं नसतं. एकदा स्मॅश मारताना खांदा दुखला, मग फरा बाहेर दिसायला लागला. डॉक्टर? छे, घरात एवढे तज्ज्ञ असताना? सरांनी जाड कापडाचा पट्टा शिवून आणला — बगलेखालून घालून खांदे मागे आवळायचे, पाठीवर वाळूची पिशवी, आणि तसेच जोर काढायचे. नस जाते तिथेच पट्टा. नेम बघा — असा नेम सरांनी मैदानावर कधी धरला नाही.

सांगायचं होतं ना, दुखतंय म्हणून? — सगळे हेच म्हणतात. सांगितलं की. सुरुवातीला. मग एकदा वाळू वाढवली तेव्हा सर म्हणाले, “शाब्बास रे पठ्ठ्या.” त्याआधी कधी म्हणाले नव्हते. मग नाही सांगितलं. मग मीच म्हणायला लागलो, अजून वाळू टाका — जाऊ दे. हे कशाला बोललो मी.

व्यायाम बघा. कोपर सरळ, भिंत ढकलायची, छाती आत, खांदे पुढे. आहे की नाही गंमत? सर एकदा आले होते, दारातून बघत राहिले. मॅडमना म्हणाले, तुम्ही उलटं शिकवताय. मॅडम म्हणाल्या, “सर, तेव्हा नुसती विश्रांती दिली असती तरी नस सावरली असती.” सर बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकले. नाड्या बांधलेल्याच होत्या. तेव्हापासून मला सोडतात आणि बाहेर स्कूटरवर बसून राहतात. आत्ताही बसलेत. पोक काढून.

तुमच्या मुलीला आत बोलावताहेत, जा. मघाशी तिला काय म्हणालात, ऐकलं मी — नीट बस, खांदे मागे घे. जा ना आता. माझ्याकडे काय बघताय?

हात इथवर येतो, कानाच्या खाली. मॅडम म्हणतात, याच्यावर आता जायचा नाही. संघ गेला, संघाबरोबर कॉलेज गेलं.