फक्त नाव काळं केलंय

"माझ्या कोंबड्याविरुद्ध, कर्नलविरुद्ध, तक्रार कुणी केली?" हिंमत असेल तर विचार, असं मैत्रिणींनी डिवचल्यावर थीआ नगरपालिकेच्या खिडकीशी धडकलीच. आईबाबा मागच्या बाकावर बसले होते.

"इथे उत्तरं मिळत नाहीत, बाळा. नोंदी मिळतात," खिडकीमागच्या कारकून बाई म्हणाल्या.

"मग नोंद द्या. उद्या कर्नलला गावाबाहेर काढणार आहेत."

"ही घे. नियमाप्रमाणे नाव काळं केलंय."

"मोठ्याने वाचू? 'माझ्या मुलीचा कोंबडा झोपू देत नाही. बायकोला सांगू नका.'"

"नियमात फक्त नाव आहे गं."

"चोख काम केलंत, मॅडम," थीआ म्हणाली.

"हॅरल्ड?" मागे आईने बाबांकडे वळून विचारलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. तक्रार मागे घेईपर्यंत कर्नल तुमच्या खोलीत झोपणार."