सगळं उघडंच पाहिजे

धप्-खट… धप्-खट… कवेलूच्या, म्हणजे छपराच्या कौलांच्या, प्रेसचा हा आवाज अजून माझ्या कानात हाये, कारखाना बंद पडून जमाना झाला तरी. पण तुम्हाले सांगतो, त्या प्रेसवर कोणी अंगावर चिंधी न ठेवता बसन, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. सांगाले नको काय? मी चौकीदार माणूस, राजुऱ्याच्या रस्त्यावर हा बंद कारखाना राखतो. कोणी लोखंड चोरलं तर काय कराचं ते मालकानं शिकवलं, कोणी कपडे काढले तर काय कराचं ते नाई शिकवलं.

नागपूरहून दोघी आल्या. फोटो काढणारी आचलबाई, अन् तिची मैत्रीण दीपिका, चांगली तिशीतली, कॉलेजात शिकवते म्हणे. मालकाची परवानगी होती. आचलबाई म्हणते, "काका, सगळं उघडंच पाहिजे हां, चालेल ना?" मी म्हटलं, काऊन नाई चालणार? अन् मी मागचं फाटक उघडलं, भट्टीचं दार उघडलं, गंजलेल्या खिडक्या तर दगडानं ठोकून ठोकून उघडल्या, अंगठा सोलला, अन् मोठ्या हौसेनं सांगाले गेलो की बाई, सारं उघडं केलं, म्हणान तर वरचे दोन पत्रेही काढतो… तर प्रेसच्या दांड्याले सलवार-कुडता टांगलेला. मी म्हटलं, कपडे इथी, तर बाई कुठी?

मग कळलं. उघडं म्हणजे दार नाई. उघडं म्हणजे… उघडं.

मी गर्रकन फिरलो अन् दारात पाठ करून उभा राह्यलो. मागून आचलबाई म्हणते, "काका, घाबरू नका, ही कला आहे." असन. कला आमाले माहीत नाई काय? वडशाच्या नाटकाले मी मंडपाचे बांबू रोवले, पडदा पडेस्तोवर बसून नाटकं पाहली. पण तिथं कला कराची तर अंगावर अजून दोन कपडे चढवतात, शेला काय, मुकुट काय… तेवढ्यात दीपिकाबाई आतून बोलली, आवाजात जरासा कंप होता, "काका, कोणी आत येणार नाही ना?" त्या कंपानं माझं सारं हसू गेलं. म्हटलं, पोरी, या दारातून चिमणी नाई येणार, माझी जबान हाये. अन् पाठ करून उभा.

तुम्ही म्हणान, त्यात काय कठीण? करून पाहा. पाठ केली की कान मागं जातात. खट्… "हनुवटी वर घे." खट्… "इथे विंचू नसतात ना ग?" असतात की, पण सांगू कसा? मान न वळवता विंचवाचं सांगता येते काय? त्यात बिरजू आला शेळ्या घेऊन.

"पत्रूभाऊ, शेळ्या आत सोडू काय?"

"नाई."

"काऊन? रोज तर सोडतो."

"आज उघडं हाये."

"उघडं हाये तर जाऊ दे ना."

"म्हणजे… बंद हाये."

"एक कायतरी सांग ना भाऊ. ऊन लागलं काय तुले?"

तो बडबडत गेला, अन् मागोमाग आमची घरवाली मीराबाई आली, भाताचा डबा घेऊन. तिले कसं थांबवू? सारी जवानी तिनं इथंच ओली कवेलू डोक्यावर वाहून उन्हात मांडली. म्हणते, "अजी, दारात काऊन खांबासारखे उभे?" मी म्हटलं, "आत… आत एक…" माझं बोलणं हळू, तुम्ही पाहूनच राह्यले. माझं वाक्य पुरं होईस्तोवर लोकं बाजार करून येतात. तेवढ्यात आतून हसणं आलं.

"बाई हाये आत?"

"हाव. पण ती उघडी…"

"उघडी?"

सारा जनम जिनं माझ्यावर शक नाई घेतला, तिनं डबा माझ्या पायाजवळ ठेवला, मले कोपरानं बाजूला सारलं अन् आत गेली. आता सांगा, मी काय कराचं होतं? वळलो तर जबान जाते, नाई वळलो तर बायको जाते. मी आपला पाठ करून उभा.

आतून मीराबाई, "अग माय… लाज नाई वाटत तुले?" अन् दीपिकाबाई हळूच, "वाटते ना मावशी." पुढं मीराबाई काय बोलली कोण जाणे, आचलबाई काय बोलली तेही कोण जाणे, मले एवढंच ऐकू आलं, "याच जागी वझं वाह्यलं बाई, मान गेली, तरी कोणी पाहलं नाई मले." मग तिघी हसल्या. मीराबाई अशी हसते हे मले मालूम नव्हतं… नाई, मालूम होतं, भुललो होतो.

मग बांगड्या वाजल्या. मग खट्. खट्. इथं भात थंडा होऊन राह्यला, माशा बसून राह्यल्या, अन् ह्या आत करून काय राह्यल्या? एकदा तर मान अर्धी वळली. परत आणली. जबान ते जबान. पाठ करून उभा.

शेवटी ती आली. पदर डोक्यावर, चेहरा नेहमीसारखा, चाल नेहमीसारखी. फक्त पोलकं उलटं. बाह्यांची शिवण सारी बाहेर.

मी तोंड उघडलं. मग बंद केलं, साऱ्या दिवसात बंद केलेलं तेवढंच. अन् ती माझ्या जवळून घराच्या रस्त्याले लागली.