डोक्यावरचा ढग

…अहो, रद्दीचा लगदा कुटून टोपल्या कराव्यात की! मी कुठे नको म्हणते? कांद्याला टोपली लागते, शेंगांना टोपली लागते, सगळं कबूल… पण म्हणून काय कुणाच्याही पुस्तकांची करायची? तुम्हाला सांगते, त्या दुपारी मी वाळवण उचलायला परसात जाते तर काय, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात, तर त्या बादलीपुढे फतकल मारून बसलेल्या, बादलीत भाजी धुतलेलं पाणी, कारण यंदा पाण्याची अशी ओढ की चांगलं पाणी लगद्याला घालील कोण, पाण्यात मेथ्या फुगलेल्या, उखळापाशी शेजारच्या कडूबाई मुसळ घेऊन तयार, आणि आत्याबाईंच्या मांडीवर… माझी कॉमिकं! अख्खा गठ्ठा!

चूक माझीच म्हणा. सासरी आल्या आल्या सुनेच्या ट्रंकेतून राक्षस निघाले तर बरं दिसणार नाही, म्हणून मी तो गठ्ठा जुन्या वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर सारला होता. आता वर्तमानपत्रात बांधलेल्या गठ्ठ्याला कुणीही रद्दीच म्हणणार ना?

मग मी काय केलं? ओरडले? धावले? छे! मी गप्प. पण डोक्यावर ढग!

ढग ठाऊक आहे ना तुम्हाला? कॉमिकात माणूस बोलला की त्याच्या तोंडातून फुगा निघतो, फुग्याला शेपूट असतं, शेपटाचं टोक थेट ओठांशी. पण माणूस मनात बोलला की फुग्याचा होतो ढग, आणि शेपटाच्या जागी लहान लहान गोळे, डोक्यातून वर चढत गेलेले, दुधावरचे बुडबुडे जसे. ते कुणाला ऐकू जात नाही. राजाला नाही, सैनिकाला नाही, शेजारी उभ्या असलेल्या दासीलाही नाही. फक्त तुम्हाला! सगळ्या गोष्टीत ते गुपित ठाऊक असलेलं माणूस एकच, पुस्तक हातात धरणारं… अहो, एवढा मान मला आणखी कुठे मिळालाय?

माझे सूर्यभानमामा एसटीत कंडक्टर. नगरच्या स्टँडवरून एखादं कॉमिक घ्यायचे आणि आमच्या राजूरला बाजाराच्या दिवशी गाडीतून उतरताना माझ्या हातात टाकायचे. आई म्हणायची, "पोरीला नादाला लावू नका, दादा." मामा म्हणायचे, "अगं, चित्रं तर आहेत!" चित्रंच तर आहेत… त्या चित्रांत मी किती राहिलेय, तुम्हाला काय सांगू! तंबूतला सिनेमा पाहा, पडद्यावरची बाई रडायला लागली की तुम्ही डोळे पुसून वर बघेपर्यंत ती गाणं म्हणत असते. कॉमिकातली बाई थांबते. तुम्ही बघाल तोवर रडते. पान उलटलं नाही तर संध्याकाळ होत नाही, पाऊस पडत नाही, बाण सुटलेला असला तरी लागत नाही. आणि दोन चौकटींच्या मधे ती पांढरी पट्टी असते ना, बोटभरसुद्धा रुंद नाही, तिच्यात तर काय काय असतं! पहिल्या चौकटीत राणी खिडकीत, दुसरीत थेट घोड्यावर. मधे? मधे नुसतं पांढरं. मग तिला खिडकीतून मी उतरवते, शेल्याला गाठी मी मारते, घोड्याच्या तोंडावर हात मी ठेवते, खिंकाळू नये म्हणून. चित्रकाराने काहीच काढलेलं नसतं हो, तरी मला दिसतं. माझ्या लग्नाचंही तसंच. पहिल्या चौकटीत राजूरचा मांडव, भाताच्या खाचरांवर उतरलेलं धुकं. दुसऱ्या चौकटीत भिंगार, छावणीतला बिगूल आणि मी चुलीपुढे. मधली पट्टी एसटीच्या खिडकीत बसून गेली, आणि तीच तेवढी मला अजून नीट आठवते…

असं होतं बघा माझं. तिकडे कॉमिकं बादलीकडे निघालेली आणि मी इकडे धुक्यात!

तर आत्याबाईंनी पहिल्या कॉमिकाचं कव्हर टर्रकन फाडलं. "ह्ये गुळगुळीत न्हाई भिजायचं. फळीवर आंथरू." कव्हरवर राणी होती, घोड्यासकट. गेली फळीवर डब्यांखाली! मी गप्प. पण डोक्यावर एवढा ढग, एवढा ढग, की त्यातून पाऊस पडला असता तर दुष्काळ हटला असता!

कडूबाई आत्याबाईंना म्हणाल्या, "कागद जरा जाडाच हाय, छबूबाई. टोपली निबार हुईल."

आत्याबाईंनी आतलं पान धरलं, फाडणार… आणि हात थांबला. पानावर राक्षस जेवत होता. डोंगराएवढा भात आणि समोर राणी वाढतेय.

"ह्यो कोन गं येवढा खातुया?"

"तुमच्या धाकट्या दिरावानी दिसतोय," कडूबाई.

"गप गं! सूनबाई, इकडं ये. ह्यी बाई काय राजी दिसत न्हाई."

"का हो, आत्याबाई?"

"आगं, वाढताना बाईचं ध्यान ताटाकडं आसतंय. हिचं दाराकडं हाय."

तुम्हाला सांगते, मला इतकं बरं वाटलं! आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण राणीचा डोळा वाचता आला. चित्र असंच असतं ना, जो बघेल त्याचं. म्हटलं, आता जमलं. खाली बसले आणि वाचायला लागले. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी एका दमात एवढं कधी बोललेच नव्हते. हुंकार राक्षसाचा, कण्हणं राणीचं, तलवारीचं 'खण्ण', दार पडल्याचं 'धाड', सगळं मीच! कडूबाईंनी मुसळ खाली ठेवलं. आणि मग आलं ते पान… राणी पदर सावरून म्हणते, "महाराज, अजून वाढू का?" हे मी अगदी गोड आवाजात वाचलं, आणि त्याच दमात पुढचं, "खा मेल्या, हे तुझं शेवटचंच जेवण!"

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं बया! तोंडावर म्हन्ली?"

"नाही हो! मनात म्हणाली. ढगात आहे ते. हे बघा, गोळे गोळे…"

"मंग त्याला आयकू न्हाई गेलं?"

"नाही."

"आन् तुला कसं कळलं?"

वर्षानुवर्षं मी ते ढग वाचतेय, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. मी म्हटलं, "वाचणाऱ्याला दिसतं, आत्याबाई."

आत्याबाईंनी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हळूच, अगदी हळूच, माझ्या डोक्याच्या वर…

"आसं व्हय," त्या म्हणाल्या.

कडूबाईंनी विचारलं, "मंग टाकायची का बादलीत?" तर आत्याबाईंनी गठ्ठा पोटाशी धरला. "ऱ्हाऊ द्या. राक्षस मराया हवा आधी. तुमच्याकडली रद्दी आना की!" आणि कडूबाईंच्या घरचे कागद भिजले, टोपल्याही झाल्या. माझी कॉमिकं आत्याबाईंच्या उशाशी गेली, आणि रोज दुपारी एक वाचायचं असं ठरलं. जिंकले की नाही मी? मलाही तसंच वाटलं. दुपारभर मी भांडी घासली की घोड्यावरून दौड केली, मला आठवत नाही.

संध्याकाळी हे आले. हे डेपोत कारकून. ह्यांच्या तोंडातून फुगा निघतो, पण आत काही लिहिलेलं नसतं, नुसतं "हं". आत्याबाईंनी राक्षसाची सगळी हकिकत सांगितली, "हं". भाजी कशी झालीय, "हं". मी तव्यावरची भाकरी काढली आणि रोजच्यासारखं, अगदी सवयीनं, विचारलं, "आत्याबाई, अजून वाढू का?"

आत्याबाईंनी ताटावर हात आडवा धरला. मान वर केली. माझ्या डोक्याच्या वर, चुलीच्या धुराकडे, नजर लावून बसल्या.

"थांब. वर काय लिवलंय त्ये आधी सांग."

"काही नाही हो, आत्याबाई! खरंच नाही!"

"न्हाई कसं? गोळं निगाल्यात की! मला दिसत्यात."

आणि तुम्हाला सांगते, हे हसले! भाकरीचा घास तोंडात ठेवून, ठसका लागेपर्यंत हसले, आणि पाणी पिता पिता ह्यांनीसुद्धा, माझ्या नवऱ्यानं, माझ्या डोक्याच्या वर पाहिलं… पहिल्यांदाच इतका वेळ पाहिलं. मला लाजावं की पळावं, कळेना.

तेव्हापासून हे असं आहे. मी गप्प बसले की आत्याबाई वर बघतात. कडूबाईंनी आख्ख्या आळीला सांगितलंय, त्यामुळे पाण्याच्या रांगेत बायका वर बघतात. आधी कसं छान होतं हो! तोंडानं "बरं, आत्याबाई", आणि ढगात काय वाटेल ते… जगात तेवढी एक जागा माझी होती. कॉमिकं वाचली, ती जागा गेली. आता काय करणार?

हल्ली मी मनातल्या मनातसुद्धा अहो-जाहोच करते.