वटवाघूळ

कुमासीच्या स्टँडवर आमची ट्रोट्रो गाडी भरायची वाट बघत उभी होती. माझ्या पुढच्या बाकावर दोन मैत्रिणी लॅपटॉपशी झटत होत्या; त्यांच्या शेजारी मांडीवर पातेलं घेतलेल्या एक मावशी होत्या.

"दुफी, पाच मिनिटांत मुलाखत आणि कॅमेऱ्यात मी वटवाघळासारखी उलटी लटकलेय!"

"लिनक्स टाकल्यापासूनच ना? सगळ्या सेटिंग करून बघितल्या गं, सेर्वा."

"आणि नोकरी कसली, तर शाळांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून द्यायची! हसू नकोस!"

"थांब. लॅपटॉपच उलटा धरू."

"मग टाइप कसं करू?"

"मुलाखत तोंडानं देतात, बाई. मावशी, हा जरा असा उलटा धरता का?"

"धरते की. माझं केंकीचं, मक्याच्या उंड्यांचं पातेलं तेवढं मांडीवर घे."

"सेर्वा, आता साहेबांना तू सरळ दिसशील!"

"पण आता साहेब मला उलटे दिसणार."

"दिसू देत. हसायचं नाही, बस्स. आले बघ!"

"नमस्कार सर... दुफी, साहेब सरळ दिसतायत."

"मग बरंच झालं की!"

"अगं, लॅपटॉप उलटा आहे ना आपला?"

"अगंबाई! म्हणजे त्यांचाही कॅमेरा उलटाच!"

"सर, तुमच्याजवळ कुणी मावशी आहेत का?"