शंभर पावलं आत

लागोसच्या धक्क्यावर होडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. धाकटीच्या हातात ताजं वर्तमानपत्र, थोरलीच्या डोक्यावर सुक्या माशांची टोपली.

"अहो रोलाकेच्या आई, आज संपादकांनी कुणाला सोलून काढलंय, वाचू?"

"वाच की. गोऱ्यांकडून आमची खाडीकाठची जमीन सोडवली, तर तोच सोडवेल."

"'ही जमीन सरकारने खोट्या मोजणीने घेतली.'"

"वीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?"

"'हद्दीचे दगड घरांच्या बाजूला शंभर पावले आत रोवले.'"

"कोण मेला तो मोजणीदार? नाव दिलंय?"

"दिलंय."

"मग वाच ना."

"'तो मोजणीदार मीच. तेव्हा मी सरकारी नोकरीत होतो.'"

"पुन्हा वाच."

"तेच आहे हो. खाली संपादकांचीच सही आहे."

"आमच्या आईनं त्याला पाहुणा म्हणून कोलाची बी फोडून दिली होती."

"तुम्ही होता तिथे?"

"त्याचा एक माणूस आजारी होता. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक मी धरलं. तो 'अजून आत ये, ताई' म्हणत गेला, आणि ती शंभर पावलं मीच चालले."