बंद करायचं बटण

घड्याळजीच्या दुकानात म्हातारा गवंडी आपल्या घड्याळाच्या पट्ट्यासाठी बाकावर थांबला होता. त्याच्यापुढे एक बाई आणि तिचा तिशीतला धाकटा भाऊ गजराचं घड्याळ घेऊन उभे होते.

भाऊ घड्याळजीला सांगत होता, "वाजतच नाही हो हे. याच्यापायी दोन परीक्षा हुकल्या. माझा निश्चय मात्र पक्का आहे."

"आहे ना. निश्चयाची पाटी भिंतीवर टांगलीय त्यानं. धूळ मी पुसते."

"ताई, यश आधी मनात घडावं लागतं."

पोरगा बोलतो बरा, असं गवंड्याला वाटलं.

"मनात तू केव्हाच साहेब झालायस. उद्या आठच्या परीक्षेला मात्र अंगानं जावं लागेल. हीही हुकली, तर अंथरूण गुंडाळायचं आणि दुसरं घर बघायचं."

"शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो, ताई."

"झोप बरी लगेच मुरली."

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं.

"घड्याळ धडधाकट आहे. गजरही वाजतो. हे बंद करायचं बटण तेवढं बोटानं दाबून दाबून झिजलंय."

"मग नवीन बसवा."

"बसवू नका, दादा. आहे तेही काढून टाका."

"अगं, मग वाजायला लागल्यावर बंद कसं करू?"

"सातला दुकान उघडतो मी," घड्याळजी बटण उपसत म्हणाला. "वाजतं घेऊन ये. बंद करून देतो."

भावानं क्षणभर विचार केला.

"नऊपर्यंत असता ना?"

बहिणीनं घड्याळ पिशवीत टाकलं.

"कुठलं अंथरूण नेणार आहेस, ते आजच सांगून ठेव."