तोंड वाऱ्याकडे

दोंडाईच्याच्या स्टँडवर धुळ्याची गाडी काही लागत नव्हती. दिपमालाच्या शेजारी एक तरुणी कामावरचं पिवळं हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचे मामा काही केल्या गप्प बसत नव्हते.

“उषा, तुना सासरना बठ्ठा लोके आज बैठकले बसतीन. सांगी दे, पवनचक्कीवर चढनं सोडं म्हनीसन. मिटी जाई.”

“आणि नाही सोडलं तर?”

“नांदवनार नहीत, असं सांगतस त्या लोके.”

“म्हणून काय सोडलं असं खोटं सांगू, मामा?”

“तूच सांगे ना, वादळ उनं का तुनी पवनचक्की बी नमतं घेस?”

“नमतं नाही घेत. वारा फार झाला की पाती वळवून घेते. झेपेल तेवढाच जोर अंगावर घ्यायचा, बाकीचा कडेनं जाऊ द्यायचा.”

“मी बी तेच सांगस! तू बी जाऊ दे.”

“दिलं की. सासूबाईंचे टोमणे जाऊ दिले, दिराचं फिदीफिदी हसणं जाऊ दिलं.”

“मंग आज बी तोंड फिराई ले.”

“पाती वळतात मामा, तोंड नाही वळत. वारा कितीही सुटू दे, ती तोंड वाऱ्याकडेच ठेवते. पाठ केली तर पाती मोडायची.”

“तुले कोन समजाडी, माय!”

गाडी लागली. गर्दीतून वाट काढत मामांनी खिडकीची जागा धरली. दिपमाला त्यांच्या मागच्याच बाकावर टेकली.

“बस आठे. काच लाई ले, वारा लागी.”

“लागू दे.”